पृथ्वी कुणी व्हायचं

विहीण राहायला येईपर्यंत मी नुसती आजी होते. ती आली आणि आठवडा उलटायच्या आत नातीने मला शेपूट लावलं. मी झाले ‘दुकानातली आजी’ आणि ती झाली ‘घरातली आजी’. घर माझं. खाली दुकान, वर घर, एकेक वीट माझ्या डोळ्यांदेखत लागलेली. आणि त्या घरातली आजी कोण, तर ती!

सांगायला ती डोळ्याच्या ऑपरेशनपुरती आली होती. डोळा बरा झाला तसे गुडघे निघाले. गुडघे काही लवकर बरे होत नसतात, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

वाईट आहे म्हणावं तर तसंही नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. हळू बोलते, हळू हसते, चहाची स्तुती करते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेली बाई. येताना दोन जोड कपडे कमी आणले, पण पृथ्वीचा गोळा मांडीवर घेऊन आली. सुनेच्या तोंडी ‘आई, तुम्ही जेवलात का’ असं आलं की समजावं मला विचारतेय. ‘आई, तू जेवलीस का’ असं आलं की तिला. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली, पण हे ‘तुम्ही’ माझ्या कधी कानालाही लागलं नव्हतं. आता दिवसातून दहादा लागायला लागलं.

माझं दुकान सुई-दोऱ्याचं. बटणं, हुक, चेन, लेस, नाड्या, इलॅस्टिक. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक. मी त्यांनाच गिऱ्हाईक केलं. चार इयत्ता शिकले, पण बाजारातला एकही शिंपी मला मापात फसवू शकलेला नाही.

माझ्या नातीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. पूर्वी शाळा सुटली की ती थेट दुकानात शिरायची. दप्तर गल्ल्याखाली भिरकावायचं, बटणांचा खण उपडा करायचा, बटणं रंगाप्रमाणे लावत बसायचं, बडबड करायची. मी ओरडायचे, “अगं, गिऱ्हाईक उभं आहे!” पण मनातून गिऱ्हाईक थोडं थांबलं तरी चालेल असं वाटायचं.

आता दारातूनच हात हलवायची. “आजी, आले गं!” आणि धाडधाड जिना वर. वर गोळा होता ना फिरवायला.

पहिल्यांदा मी म्हटलं, नवं आहे, चार दिवसांनी विटेल. मग म्हटलं, परीक्षा आहे. मग काही म्हणायचं सोडून दिलं. बटणांचा खण आपोआप नीट राहायला लागला. नीट राहिलेला खण बघून मला इतका राग यायचा की काय सांगू.

माझा मुलगा उपग्रहांच्या नियंत्रण केंद्रात आहे. उपग्रह तो सोडत नाही, सोडलेले सांभाळतो. आकाशात सोडून दिल्यावर सांभाळायचं काय उरतं, हे मला कधी कळलं नव्हतं. त्याने ते सांगितलं एका सुट्टीच्या दुपारी. तुटलेल्या चेनसाठी खाली आला होता. मी चेन शोधत होते, आणि तो भरतकामाची लाकडी कडी हातात घेऊन खेळत होता.

“आई, ही कडी म्हणजे उपग्रहाचा रस्ता समज. मधोमध पृथ्वी. रस्ता असा सपाट पाहिजे, पृथ्वीच्या कमरेला पट्टा बांधल्यासारखा. मग उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, आणि खालून बघणाऱ्याला एकाच जागी टांगलेला दिसतो. घरोघरच्या टीव्हीच्या छत्र्या त्याच्याकडे तोंड करून निवांत बसतात.”

“मग तुमचं काम काय? पगार घेऊन तुम्हीही निवांत बसता?”

“मध्ये चंद्र येतो ना.”

“तो तर कुठल्या कुठे लांब.”

“लांबूनच ओढतो. सूर्यही ओढतो, पण चंद्राचा हात जास्त. एका दिवसात काही दिसत नाही. पण रोज केसभर, रोज केसभर.” त्याने नखाने कडीची एक कड हळूच वर ढकलली. “रस्ता तिरका होत जातो. मग उपग्रह जागेवर टांगलेला दिसत नाही, दिवसभर वर-खाली डोलतो. छत्र्यांना सापडेनासा होतो. आम्ही थोडं इंधन फुंकतो आणि रस्ता परत सपाट करतो.”

“एकदाच काय ते नीट बसवून टाका की.”

“बसवतो. दुसऱ्या दिवसापासून परत सुरू. चंद्र कुठे रजेवर जातो?”

“आणि इंधन संपलं की?”

“संपायच्या आधीच हात आखडता घेतो. डोलतोय तर डोलू दे म्हणतो. थोडं मात्र राखून ठेवतो, शेवटी त्याला रस्त्यातून बाजूला न्यायला.”

मी छताकडे बघितलं. वर विहिणीच्या चपला फरफटत होत्या, आणि त्यांच्या मागेपुढे भिंगरीचे पाय नाचत होते. मला सगळं विज्ञान तिथल्या तिथे समजलं.

त्या दिवशी तो खाली आला होता ते खरं तर चेनसाठी नव्हे. केंद्रात घरच्या माणसांना बोलवायचा दिवस ठरला होता. वर्षातून एकदा बोलावतात. पोरं खेळतात, मोठे पडदे बघतात, बिस्किटं खातात. या वेळी मुलांनी काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि भिंगरीने चंद्राची ओढ करून दाखवायचं घेतलं होतं. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ. मधोमध पृथ्वी. भिंगरी उपग्रह, पृथ्वीच्या हातातली दोरी धरून वर्तुळावरून चालणार. बाहेर उभा चंद्र, त्याच्या हातात इलॅस्टिक, दुसरं टोक भिंगरीच्या कमरेला. आणि बाबा म्हणजे इंधन. ती रेषेवरून सरकली की तो बोटाने तिला परत ढकलणार, आणि दरवेळी बाटलीतलं घोटभर पाणी पिणार. बाटली संपली की इंधन संपलं.

“तिरकं होणं जमिनीवर दाखवता येत नाही,” मुलगा म्हणाला, “म्हणून सरकणं दाखवणार.”

तेवढ्यात भिंगरी जिना उतरून आली. मी हसून विचारलं, “काय गं भिंगरे, मग मी केव्हापासून उभी राहू मधोमध?”

“तू मधोमध नाहीस आजी. पृथ्वी घरातली आजी आहे. तू चंद्र!”

हातातली चेन मी सटकन ओढून बंद केली.

“बरं,” म्हणाले. “चंद्र तर चंद्र.”

ती आली तशी उडत गेली. मुलगा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “आई, खेळ आहे गं.”

“मी काही म्हटलं का?”

“तेच तर.”

आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. पोरीला नुसतं ‘का’ म्हणून विचारलं असतं तर मिटलं असतं. पण मी कुणाला विचारायला जाणाऱ्यातली नाही. सुनेला आडून म्हणाले, “मध्यभागी चांगली धडधाकट बाई हवी होती हो.” सून म्हणाली, “आई, तुम्ही तिलाच विचारा ना.” म्हणजे माझ्या नातीपर्यंत पोहोचायला मी आता अर्ज करायचा!

मला एवढंच कळायला हवं होतं, की ही पोर अजून माझी आहे, का पुरती वरची झाली. बाकी पृथ्वी आणि चंद्र गेले खड्ड्यात.

मुलगा जाताना बजावून गेला होता, “आई, इलॅस्टिक ते बारीक गोल दोरीवालं दे. केसांच्या रबराला लागतं तसलं. अगदी हलकं ओढलं पाहिजे.” मी मान डोलवली. ते पिशवीत टाकलं. आणि मग मागच्या फळीवरून दुसरंही काढलं. चपटं, रुंद, पोटाच्या पट्ट्यांना लागतं ते. दोन बोटांत धरून ताणलं की खांदा ओढला जातो, असा माल. का काढलं? ज्याला जायचंय त्याला धरायला बारीक दोरी कोण वापरतं?

केंद्राचा हॉल मोठा होता, फरशी गुळगुळीत. भिंगरीने माझ्याच दुकानातल्या शिंप्याच्या निळ्या खडूने वर्तुळ आखलं होतं. मधोमध नियंत्रण कक्षातली गोल फिरणारी खुर्ची, आणि खुर्चीत विहीण. केस नीट बसवलेले, मांडीवर हात, चेहऱ्यावर ते हळू हसू. पृथ्वी म्हणून तिला कुणीही पसंत केलं असतं. मला बघून म्हणाली, “विहीणबाई, कुठे दिसतेय का मी वेडीवाकडी?”

“छे हो,” म्हटलं, “अगदी गोल दिसताय.”

माणसं भोवती जमली. मुलगा बाटली घेऊन उभा राहिला. मी भिंगरीच्या कमरेला इलॅस्टिक बांधलं आणि तिच्या ओढणीखाली दडवलं. मुलाने बघितलं नाही. त्याची साहेबीण समोर उभी होती, तो तिच्याकडे बघून घाम पुसत होता.

भिंगरी चालायला लागली. खुर्ची तिच्याबरोबर फिरत होती. मी रेषेपासून चांगली लांब उभी होते. ती पलीकडच्या बाजूला गेली तसं इलॅस्टिक ताणलं, आणि माझ्या हाताला ती लागली. खूप दिवसांनी ती अशी हाताला लागली होती. मी सैल सोडायला हवं होतं. मी पीळ देऊन मनगटाला एक वेढा घेतला.

“आजी, हळू!” ती पलीकडून म्हणाली.

“तू चाल,” म्हटलं.

मुलाने बोटाने ढकललं. मग तळव्याने ढकललं. एक घोट, लगेच दुसरा घोट, ठसका. ती हट्टी, पुढे पाऊल रेटतेय. मीही तिचीच आजी, सोडतेय कशाला. आणि मग तिचा पाय गुळगुळीत फरशीवरून सुटला.

पृथ्वी चाकांवर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भिंगरी माझ्याकडे आली, तिच्या हातातली दोरी आली, आणि दोरीमागून खुर्चीसकट विहीण आली. फरशीवरून खडखडत, दोन्ही पाय वर, हसू तसंच तोंडावर राहिलेलं. भिंगरी गुडघ्यावर आपटली आणि किंचाळली, “आजी!”

आम्ही दोघी झेपावलो. मी इलॅस्टिकच्या वेढ्यात अडकले. विहीण, जिला वरून खाली यायला चार वेळा कठडा धरावा लागतो, ती खुर्चीतून उठून माझ्याआधी पोचली. हाक कुठल्या आजीला मारली होती, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मुलाची साहेबीण म्हणाली, “असा चंद्र असता तर आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या पहिल्याच दिवशी गेल्या असत्या.” लोक हसले. मीही हसले. कानशिलं तापली होती.

बाजूच्या खोलीत औषधाची पेटी होती. विहीण एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंगरीचा सोललेला गुडघा. विहीण कापसाने पुसत होती, मी फुंकर घालत होते. दोघींपैकी एकीनेच करायचं काम होतं ते.

“बाबांनी सांगितलं होतं ना हळू ओढायचं!” पोर मुसमुसत म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग मला नाही केलंस ना पृथ्वी!”

ती रडायची थांबली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ताणलेली लेस परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते.

“अगं, घरातल्या आजीचे गुडघे दुखतात. पृथ्वीला खुर्ची असते. चंद्राला सारखं उभं राहायला लागतं. म्हणून तू.”

एवढंच होतं. आठवडाभर मी जळून कोळसा झाले ते खुर्चीपायी.

मी विहिणीकडे बघितलं नाही. तीच बोलली, कापूस पेटीत ठेवता ठेवता. “मी हिला म्हटलं होतं, मला चंद्र कर. उभी राहीन कशीतरी. नाही म्हणाली.” मग पेटीचं झाकण लावत, “मधोमध बसायला काय लागतं हो? मी आपली गोल फिरतेय आणि ही सारखी मान वळवून बघतेय तुमच्याकडे.”

गोड बोलत होती की खरं, पहिल्यांदा समजेना. मग चेहरा बघितला. चेहरा आंबट होता. म्हणजे खरं असणार. मला इतकं बरं वाटलं की मी तिला पाणी विचारलं.

मुलगा आत आला. मनगटावर उठलेला वळ मी पदराखाली घेतला, पण त्याच्या हातात ते रुंद इलॅस्टिक होतं.

“आई, हे काय आहे?”

“जाड निघालं जरा.”

“जरा?” तो माझ्याजवळ टेकला. रागावेल असं वाटलं होतं, पण आवाज थकलेला होता. “चंद्र असा झटका देत नाही गं. झटका दिला असता तर आम्ही एकदाच झटका देऊन मोकळे झालो असतो. तो थोडंच ओढतो, आणि सोडत नाही. आणि तो काय एकट्या उपग्रहाला ओढतो का? पृथ्वीलाही ओढतो. दोघांना अगदी सारखं ओढलं असतं तर काही बिघडलंच नसतं, दोघं मिळून एकत्र सरकली असती. एकाला जास्त, एकाला कमी, तो जो फरक राहतो ना, तेवढ्यानेच सगळं तिरकं होतं.”

“म्हणजे पृथ्वी आली खडखडत, ते बरोबरच होतं?”

“ते...” त्याने डोक्याला हात लावला. “हो, तसं बरोबरच होतं.”

विहीण खुदकन हसली. भूगोलाची बाई, तिला हे आधीच ठाऊक असणार, पण बोलली नाही. ते मी लक्षात ठेवलं.

“परत करायचं,” भिंगरी म्हणाली. गुडघ्याला पट्टी, नाक लाल. “पण बारीक दोरी कुठून आणायची?”

मी पिशवी उघडली आणि बारीक गोल दोरी तिच्या हातात ठेवली. दुकानदार बाई एकच माल घेऊन घराबाहेर पडत नाही. मुलाने दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो बाटली भरायला निघाला. शहाणा आहे, माझाच आहे.

दुसऱ्यांदा मी दोरी दोन बोटांत धरली. पीळ नाही, वेढा नाही. भिंगरी थोडी लंगडत चालत होती. माझ्या बाजूने आली की दोरी सैल, पलीकडे गेली की किंचित ताण. इतका किंचित की तिला कळत नव्हता. मला कळत होता. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच झालं नाही, लोक कुजबुजायला लागले. मग तिचं पाऊल रेषेच्या आत पडलं. मुलाने बोटाने ढकललं, घोट घेतला. परत आत, परत घोट. शेवटी त्याने बाटली उलटी करून दाखवली आणि हात पाठीमागे बांधले.

त्यानंतर तिला कुणी ढकललं नाही. मागून एक मुलगी दुसरा खडू घेऊन तिच्या पावलांवरून रेघ ओढत होती. पोर थांबली तेव्हा फरशीवर दोन वर्तुळं होती, एक जुनं आणि एक माझ्याकडे सरकलेलं. फार नाही सरकलं. पण सगळ्यांना दिसत होतं. टाळ्या पडल्या. विहिणीनेही वाजवल्या, मात्र हळू.

घरी आल्यावर मी दोन दिवस विचार केला. नाड्या मापता मापता केला, म्हणजे नीट केला. पोरीला एकटीला झटक्याने ओढून काही होत नाही, ती आपटते. आणि एकटीला रोज थोडं थोडं ओढलं की फरक पडतो, घरात सगळ्यांना दिसतो, मग मुलगा बोटाने ढकलायला येतो. मुलाच्या बाटलीत किती उरलंय, ते मी त्या खोलीत बघितलं होतं. त्याचा तो थकलेला आवाज मला परत ऐकायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी गल्ल्याजवळच्या खोक्यांचा ढीग हलवला. तिथे पाठ टेकायची खुर्ची ठेवली, हातांची, उशी घातलेली, चाकांची नव्हे. आणि जिन्याखाली उभी राहून ओरडले, “विहीणबाई, वर एकट्या काय करताय? खाली खुर्ची आहे. तुमच्या गुडघ्यांना चालेल.”

वर चपला फरफटल्या. तिला उतरायला वेळ लागला, मी वर गेले नाही, पण कठड्याजवळचा दिवा लावला. ती गोळा कडेवर घेऊन आली. मी म्हटलं, “ठेवा तो बटणांजवळ.”

“तुमच्या धंद्याच्या आड तर येत नाही ना मी?” ती म्हणाली.

“येताच आहात,” म्हटलं, “पण बसा.”

शाळा सुटली. भिंगरी दारात आली, हात हलवायला उचलला, आणि तसाच राहिला. एक आजी गल्ल्यावर, एक खुर्चीत. जिन्यावर जायचं काही कारणच नव्हतं. दप्तर भिरकावलं गेलं गल्ल्याखाली, आणि बटणांचा खण धाडकन उपडा झाला.

“अगं, गिऱ्हाईक उभं आहे!” मी ओरडले. इतक्या सुखाने मी कधी ओरडले नसेन.

आता हे रोजचं झालंय. म्हणजे जिंकले असं म्हणायला हरकत नाही. पण विहिणीने बसल्या बसल्या बटणं रंगाने नव्हे तर भोकांच्या संख्येने लावली, आणि कोपऱ्यावरचा शिंपी, जो मला गेली कित्येक वर्षं सलाम करून जातो, तो काल दारातून विचारत होता, “त्या बाई नाही आल्या का आज?” मी त्याला हुकांचं पाकीट असं दिलं की परत विचारणार नाही. तरी आज सकाळी विचारलंच.

शेपटाचं काय झालं तेही सांगते. दोघी दुकानात, तेव्हा ‘दुकानातली आजी’ म्हणून काही उपयोग होईना. ‘घरातली’ म्हणावं तर घरात कुणीच नसतं. दोन दिवस भिंगरीने डोकं चालवलं आणि मग सोडून दिलं. आता शाळा सुटली की ती दारातून नुसतं ओरडते, “आजी!”

दोघींच्या माना वर होतात. माझी थोडी आधी होते.